आधीच कापलेली करवंदं

ऐन थंडीत पुतणीने माझ्यापुढे करवंदांचं पाकीट धरलं. फळं आधी गोठवायची, मग यंत्राने त्यांच्यातलं पाणी ओढून घ्यायचं, की ती वर्षभर टिकतात म्हणे. बिया काढलेल्या, मधोमध कापलेल्या, सगळ्या फोडी एकसारख्या लालचुटूक. एक तोंडात टाकली. कुरकुरली आणि विरघळली. चव अगदी आमच्या डोंगरातली होती, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं.

एवढं सगळं टिकवलंत, मग खेळ कुठे टाकलात? करवंद दाताखाली फोडण्याआधी समोरच्याला विचारायचं असतं, "कोंबडा की कोंबडी?" आत लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. माझी आई आणि काकू एकमेकींशी अबोला धरायच्या, पण मे महिन्यात करवंदं घरात आली की एक हा प्रश्न विचारायची आणि दुसरीला उत्तर द्यावंच लागायचं. अबोला तिथेच संपायचा.

"यात फिकट एकही कसं नाही?" मी पुतणीला विचारलं.

"ती आधीच काढून टाकतात, काका. पाकिटात बरी दिसत नाहीत."

म्हणजे कोणा शहाण्याने सगळ्या कोंबड्या फेकून दिल्या, आणि वर त्याला टिकवणं म्हणायचं.

तिने एक फोड उचलली. सवयीने माझ्या तोंडून गेलंच, "कोंबडा की कोंबडी?"

तिने हातातल्या फोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, दिसतंच आहे की."