रोटाच्या दोन जास्तीच्या मुठी

आधीच सांगून टाकते, मला कोणी अंगारे-धुपारे सुचवू नका. मी धुळ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासते. रिपोर्टमध्ये जे येत नाही ते नसतंच, असं मानणारी बाई आहे. म्हणजे होते... आता काय आहे ते तुम्हीच ठरवा.

माझं माहेर बोदवडचं, सासर पारोळ्याजवळच्या खेड्यात; दोन्हीकडची बोली वेगळी. सासूबाई तिथेच थोरल्या दिरांकडे राहायच्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. जळगावच्या एका हॉस्पिटलात आयव्हीएफ चालू होतं, दोनदा फसलं. दोन्ही वेळा आम्ही घरी सांगून बसलो होतो, आणि दोन्ही वेळा भावकी अशी तोंडं करून भेटायला आली की जणू कोणी गेलंय! म्हणून तिसऱ्यांदा मी आणि माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, ठरवलं — कोणाला चकार शब्द सांगायचा नाही. एकच एम्ब्रियो उरला होता. राहिला तर राहिला, नाहीतर पुन्हा या वाटेला जायचं नाही.

मंगळवारी ट्रान्सफर झालं आणि रविवारी कानबाई! श्रावणातला आम्हा खानदेशातल्यांचा सण, घरी न जाऊन चालतंय होय? शनिवारी सकाळीच गावी पोचलो. अक्का ओसरीवर गव्हाचं पोतं सोडून बसल्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे. पुष्कळ घरांत फक्त पुरुषांच्या नावानं काढतात. अक्का ऐकायच्या नाहीत. म्हणायच्या, "बाया काय हवा खातस का?" एकदा काढलेली मूठ परत पोत्यात जात नाही. आणि रोट घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही.

तर अक्का नावं घेत होत्या. दीर, जाऊबाई, त्यांची दोन पोरं, संदीप, मी. माझी मूठ सुपात पडली... आणि त्यांचा हात थांबलाच नाही. नाव न घेता अजून एक मूठ. मग अजून एक.

जाऊबाई हसल्या, "अक्का, मोजाले चुकनात का?"

"ह्या येनारासनी शेतस," अक्का मान वर न करता म्हणाल्या.

येणाऱ्यांच्या म्हणे! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! इथे एकाचा भरवसा नाही, आणि ही म्हातारी दोघांचं दळण काढतेय! उठले ती मागच्या खोलीत जाऊन रडले. थोड्या वेळानं अक्का आल्या. पाठीवर हात ठेवला. फक्त म्हणाल्या, "त्यासना वाटा आते तूच खाय."

मी चिडूनच विचारलं, "आणि तुमची मूठ? तुमचं नाव नाही घेतलं ते?"

"मन्हं पोट भरेल शे, व माय."

मला वाटलं, शुगर वाढलीये म्हणून म्हणत असतील. पौर्णिमेपर्यंत मी तीन माणसांचे रोट एकटीनं खाल्ले. घशाखाली उतरत नव्हते, पण अक्का समोर बसून असायच्या. काय करणार?

पुढे रक्त माझं मीच तपासलं. मशीनवर आकडा आला तेव्हा तेच सॅम्पल मी पुन्हा लावून पाहिलं. पॉझिटिव्ह! पहिल्या सोनोग्राफीत एकच दिसलं. मनात म्हटलं, बघा अक्का, एकच. खरं सांगते, तेव्हा आनंदातही कुठेतरी चुटपुट लागली. पंधरा दिवसांनी परत गेलो, तर डॉक्टर मॅडमनी बोलता बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन ठोके!

एका एम्ब्रियोचे दोन झाले होते. मॅडम म्हणाल्या, क्वचित होतं असं, ते शास्त्राला माहीत आहे. मलाही माहीत आहे हो! माझा प्रश्न वेगळाच आहे. अक्कांनी एक मूठ काढली असती, तर मी म्हटलं असतं, जाणत्या बाईनं माझी चाल बघून ओळखलं. पण दोन? त्या शनिवारी तर सोनोग्राफीलाही कळलं नसतं.

दोन्ही मुली झाल्या. सई आणि ओवी. हॉस्पिटलात कोणीतरी "दोन्ही पोरीच का..." असं म्हणालं, तशा अक्का कडाडल्या, "मंग? मुठी तं मी पहिलेच काढेल शेतस!" दोघींना दोन मांड्यांवर घेऊन त्या तासन् तास बसायच्या. त्या मुठी कशा काढल्या, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नुसत्या हसल्या.

पोरी तीन महिन्यांच्या असताना, आषाढात, सकाळचा चहा पिऊन अक्का ओसरीवर आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. त्यांनी स्वतःची मूठ काढली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. पुढच्या कानबाईला त्या नव्हत्याच.

सुतकामुळे ते वर्ष कानबाई बसवली नाही. यंदा बसवली. जाऊबाईंनी सूप माझ्यापुढे सरकवलं, "तूच मोज." मी नावं घेत गेले. सई, ओवी म्हटलं, आणि काय झालं कोण जाणे, हात परत पोत्यात गेला. तोंडातून निघालं, "अक्का."

काढलेली मूठ तर परत जात नाही. दीर डोळे पुसत म्हणाले, "आता हिचा वाटा कोण खाणार गं?"

मला विचार करावाच लागला नाही. पोरींचा वाटा अक्कांनी मला खायला लावला होता. अक्कांचा वाटा मी पोरींना भरवला.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते शोधायचंही सोडलंय. एरवी वरणभात थूऽ करून उडवणाऱ्या माझ्या पोरींनी दुधात कुस्करलेला तो रोट पार वाटी चाटून खाल्ला. त्यांची तोंडं पुसताना मी, बोदवडची, सासरची बोली कधी न बोललेली बाई, विचारत होते, "भरनं का पोट, व माय?"