आधी माझी नाडी बघा

वेगळ्या वंशाच्या डॉक्टरवर रुग्ण विश्वास ठेवतात का, या संशोधनासाठी मी म्हैसूरच्या एका इस्पितळात बसत असे. आफ्रिकेतून शिकायला आलेला एक उंच शिकाऊ डॉक्टर तिथे रोज दिसायचा. रुग्णाशी बोलताना तो गुडघ्यांवर बसायचा.

एकदा जवळच्या बन्नूर गावचे एक म्हातारे अज्जा छातीत कळ येते म्हणून आले. त्या शिकाऊ डॉक्टरला बघताच त्यांनी हात मागे घेतला. “हा नको, दुसरा बोलवा.”

तो रागावला नाही. आपलंच मनगट पुढे करून मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाला, “अज्जा, आधी तुम्ही माझी नाडी बघा.”

अज्जांनी बोटं टेकवली. “अय्यो, धावतेय की रे! घाबरलास?”

“हो अज्जा. तुम्ही तपासू दिलं नाहीत तर?”

अज्जांनी हात पुढे केला. संशोधनाचे माझे प्रश्न अज्जांना विचारायचं मला भानच उरलं नाही.