दोन अधेल्यांचा कौल

उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीतल्या पापडवाल्या बाईची ती चौकशी मी अजून विसरले नाही. मी तेव्हा पोलिसात नवी होते. बायकांना प्रश्न विचारायचे असले की मला पुढे करत.

खबर आणली छावणीतल्याच एका बिस्किटवाल्याने. विठ्ठलवाडी स्टेशनच्या वाटेवर, फाटकाजवळ सावलीची एकच जागा होती. तिथे बसू पाहणारे तिघे: हा, एक कापडवाला आणि ती विधवा पापडवाली. रोज सकाळी फाटकावरचा चौकीदार दोन अधेल्या, म्हणजे आठ आण्यांची नाणी, उडवायचा. दोन्ही छापे पडले तर जागा बिस्किटवाल्याची, दोन्ही काटे पडले तर कापडवाल्याची, एक छापा एक काटा पडला तर बाईची.

"तिघांत तिसरा हिस्सा ना, बाईसाहेब? ही तर निम्मे दिवस बसते. चौकीदाराला काय देते, तुम्हीच विचारा तिला," तो डोळे बारीक करून म्हणाला.

संशय मलाही आला. आरोप खरा ठरला असता तर चौकीदाराची नोकरी जाणार होती. बाईची जागा जाणार होती आणि अब्रूही.

तिला चौकीवर बोलावलं. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. ही फारच कमी बोलत होती; मला तेही खटकलं.

"चौकीदार तुमचा कोण?"

"कोई नहीं. सिक्के को मैं हाथ भी नहीं लगाती."

"मग तुमचंच कसं पडतं?"

"इन दोनों ने पहले अपना-अपना चुन लिया. जो बचा, वो मुझे दिया."

अधेल्या जप्त केल्या. जप्तीच्या प्रत्येक वस्तूला वेगळा नंबर द्यावा लागतो. राजाच्या चेहऱ्याची जुनी अधेली एक नंबर, सिंहांची नवी दोन नंबर. पंचांसमोर त्या पुन्हापुन्हा उडवल्या. हवालदार सांगत गेला, मी लिहीत गेले.

"एक नंबर छापा, दोन नंबर काटा." जरा वेळाने, "एक नंबर काटा, दोन नंबर छापा."

तिथे माझा हात थांबला. बाईचा कौल दोन तऱ्हांनी पडत होता. त्या दोघांचा एकेकाच तऱ्हेने. सारख्याच शक्यतेच्या चार तऱ्हा, त्यातल्या दोन तिच्या. म्हणून निम्मे दिवस. कोणी काही करत नव्हतं.

बिस्किटवाल्याला बोलावून हे सांगितलं, तेव्हा त्याने बोटांवर मोजून पाहिलं. पटलं त्याला.

"बरं, मग उद्यापासून एक छापा एक काटा माझा."

बाईने पहिल्यांदाच मान वर केली. "और चौकीदार को क्या देगा, भाई?"

हवालदार हसू दाबत बाहेर गेला.

शेवटी ठरलं, एक नंबर काटा आणि दोन नंबर छापा पडला तर कौल रद्द, पुन्हा उडवायचं. तिघांना सारखी संधी झाली. बाईनेही हरकत घेतली नाही.

बिस्किटवाल्याची मोजणी खरी होती, आरोप खोटा होता. पुढे नोकरीत अशी माणसं खूप भेटली. दोन्ही गोष्टी ती एका दमात सांगतात, आणि मोजणी पटली की ऐकणारा आरोपही खरा धरून चालतो. मीही धरलाच होता.