सोप्यावरचा निवडुंग

माझी सासू सत्यवती सापाला भ्यायची नाही, भुताला भ्यायची नाही, आणि मला तर मुळीच नाही. ती भ्यायची फक्त विजेला. गोवा मुक्त होऊन वर्ष व्हायचं होतं, तेव्हा लाटंबार्सेच्या शेतात भाताच्या पेंढ्या बांधताना तिच्या डोळ्यांदेखत सासऱ्यांवर वीज पडली. माझे यजमान कृष्णनाथ त्या वेळी तिच्या कडेवर होते.

दारात निवडुंग असला की घरावर वीज पडत नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. मांयने, म्हणजे सासूने, बाराव्यानंतर बांधावरची फांदी तोडून आणली. आठ दिवस सावलीत ठेवून तिचा चीक वाळवला आणि तळ गंजलेल्या बालदीत खडे घालून ती सोप्यावर, दाराशेजारी लावली. पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी, पावसात तेवढंही नाही. तुळशीला रोज पाणी घालता, मग यानेच काय घोडं मारलंय, असं मी नवी असताना विचारलं होतं. "लाड केले तर कुसतलो," ती म्हणाली, म्हणजे कुजेल. माझ्याबाबतीतही तिचं हेच धोरण होतं.

आमची मुलगी रांगायला लागली आणि मला त्या झाडाची धास्ती बसली. त्याचा दुधासारखा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो, हे मला माहीत होतं. पोर सोडली की थेट बालदीकडे. मी म्हटलं, "मांय, हा मागीलदारी ठेवूया."

"दारातसून हलवलो तर घर उघड्यार पडतला."

"आणि हिचे डोळे गेले तर?"

तिने बालदी हलवली नाही. मीही हट्टी. पुन्हा दारात दिसला तर कोयता घालीन म्हणाले. कृष्णनाथ खाणीवर ट्रक चालवायचे. इकडे आड तिकडे विहीर, म्हणून ते उजाडताच निघून जायचे.

ऑक्टोबरातली दुपार होती. मी ओढ्यावर कपडे धूत होते. आभाळ भरून आलं आणि एकदम कडाडलं. पाठोपाठ घराकडून मुलीची किंकाळी. मी पिळे तिथेच टाकून धावले. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं: डोळे. हिचे डोळे गेले.

मुलगी कोपऱ्यात धडधाकट बसून रडत होती. मांय जमिनीवर, दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून. शेजारी सुरी, आणि फडक्यावर काट्यांचा ढीग. पोरीचा हात पोचेल तिथपर्यंतचे काटे आणि फांद्या ती छाटत होती.

"वीज कडाडली आनी मी दचकलंय गो," ती म्हणाली. "हात दोळ्यांक लागलो."

शेजारची गंगाकाकी ओरडा ऐकून आली. "अंगावरचा दूध घाल दोळ्यांत! निवडुंगाच्या चिकार तांच वखद." चिकावर तेच औषध, असं सगळेच मानायचे. मी मांयचं डोकं मांडीवर घेतलं. घाईत पहिली धार तिच्या कपाळावरच गेली. ती कण्हत होती, तरी पोरीला दूध उरणार नाही म्हणून मला अडवत होती. "पुरे गो. चेडवाक उरचा नाय." दर घटकेला मी दूध घालत राहिले आणि आता उतरेल, मग उतरेल म्हणत रात्र काढली.

सकाळी डोळे उघडेचनात. डिचोलीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचे होते आणि तसंच इकडे आणायचं होतं. दूध कशाला घातलंत?"

घरात दोन कळशा भरलेल्या होत्या. माझ्या हातापासून चार पावलांवर.

उजवा डोळा वाचला. डावा गेला. पट्टी सोडली त्या दिवशी मी तिच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. माझ्यामुळे गेला म्हणाले. ती मला शिव्या देईल याची भीती होती, आणि खरं तर द्याव्यात असंही वाटत होतं.

तिने माझं तोंड हाताने बंद केलं. "लोकांक सांग, निवडुंगान गेलो. दुधाचा नाव काढू नको. चेडू अजून तांच पिता."

ती होती तोवर मी तेच सांगितलं.