तळहातावर तोललेली गिटार

माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या हाताची दोन बोटं आज चालत नाहीत, आणि त्यात माझी चूक आहे. डॉक्टर सांगतात, मानेतली नस दबली. असेल. पण त्या मानेवर वर्षानुवर्षं ओझं कोणी राहू दिलं, ते मला माहीत आहे.

आमची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. लग्नं, रिसेप्शन, नवरात्रातले कार्यक्रम. मी कीबोर्ड वाजवायचो आणि सगळं ठरवायचोही मीच. भाऊ बेस गिटारवर. त्याची काळी गिटार इतकी जड होती की पट्टा खांद्यात रुतायचा. कार्यक्रम संपला की मान एका बाजूला धरून तो जेवायचा. मी ते रोज बघायचो आणि भाजी वाढून घ्यायचो.

एकदा तालमीला तो दुसरीच गिटार घेऊन आला. कोरी होती, पण घडण जुन्या काळातली. सायीच्या रंगाचं आखूड, गोलसर अंग, त्यावर तपकिरी ठिपक्यांची पट्टी, रेडिओला असायची तशी मोठी बटणं.

"घेऊन तं पाहा भाऊ," तो म्हणाला. "गळ्यात हाय का नाही, समजतच नाही."

आम्ही विणकरांच्या घरातले. बाबा विणलेलं लुगडं घडी करून तळहातावर ठेवायचे, दोनदा हलकेच वर-खाली करायचे आणि सांगायचे, भरलेलं आहे की विरळ. मीही तसंच केलं. गिटार दोन्ही तळहातांवर आडवी घेतली आणि तोलली.

"हे काय खेळणं आणलं गा?" मी म्हणालो. "याच्यात जीवच नाही."

ड्रमवाला म्हणाला, "हवा सुटली तं धरून ठेवजो बे, उडून जाईन."

सगळे हसले. भाऊही हसला. मग त्याने ती खोळीत घातली आणि काळी गिटार गळ्यात अडकवली. एक तारसुद्धा छेडून दाखव, असं मी त्याला म्हटलं नाही. माझा शब्द तो मोडायचा नाही. ती खोळ पार्टीच्या सामानात पडून राहिली.

चार-पाच वर्षांनी शहराबाहेर मिहानकडच्या एका लग्नाच्या लॉनवर, भर गाण्यात बेस थांबला. मी रागाने वळून पाहिलं. तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

"भाऊ, तार दबून नाही राहिली."

"गाणं संपव पहिले," मी म्हणालो.

त्याने संपवलं. कसं, ते त्यालाच ठाऊक. त्यानंतर तो वाजवायला उभा राहिला नाही. आता एका ऑफिसात काम करतो. शर्टाची बटणं त्याची बायको लावून देते.

मागच्या महिन्यात सामान आवरताना ती खोळ सापडली. गिटार गळ्यात घातली, स्पीकरला जोडली, जाड तार छेडली. तारा गंजल्या होत्या, तरी गोल, ऊबदार स्वर निघाला आणि पोटापर्यंत गेला. बराच वेळ वाजवत बसलो. खांद्यावर काही आहे हे खरंच कळलं नाही.

तेव्हा बाबांचं आठवलं. तोलण्याआधी ते सूत चिमटीत धरून बघायचे. बारीक सुताचं लुगडं हलकंच असतं, आणि आमच्या घरात सगळ्यात जपून ठेवलं जायचं तेच. मी त्यांची अर्धीच रीत उचलली होती.

रविवारी गिटार घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने ती मांडीवर घेतली. उजवा हात तारांवर फिरवला. डावा नुसता ठेवला.

"गंजल्या गा तारा," तो म्हणाला.

"नवीन टाकू."

"काहून? कोणासाठी?"

तो बटण उगाच फिरवत राहिला. वाटेत जुळवून आणलेलं सगळं बोलणं विसरलो. मग जे निघालं ते एवढंच:

"त्या दिवशी तुले वाजवून दाखव म्हटलंच नाही मी. नुसती तोलली, आन् चारचौघांत तुले हसलो. लॉनवर तू हात दाखवला, तं म्हटलं गाणं संपव. माझं चुकलं गा. मले माफ कर."