सोयरीक मोडणारी डॉक्टरीण

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या बाजारात भाजी घेत होते. पिशवी तिथंच विसरून रिक्षात बसले. आता महिना होत आला, तरी मन एका जागी ठरत नाही. शोकसभेत सगळे म्हणाले, विणकरांच्या पोरीनं नाव काढलं, आपली पहिली डॉक्टरीण! यातल्याच कितीतरी जणांनी तिला दारातून परत पाठवलं होतं. माझं डोकंच फिरलं.

माझी ही मोठी बहीण रक्ताच्या आजारांचं नागपुरात शिकली आणि सिकलसेल या पिढीजात रक्तदोषासाठी गावाकडे परतली. आईबाप दोघं वरून ठणठणीत, पण दोघांच्याही रक्तात तो दोष असला की एखादं लेकरू हाडं दुखून कळवळतं... ताईनं अशी लेकरं उशाशी बसून पाहिली होती. पुढं भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तिच्या तपासणीची निम्मी गावं पलीकडे गेली. कोणीतरी म्हटलं, आता तिकडं कायले जाता? "रक्ताले काय मालूम, जिल्हा कोणता ते!" असं म्हणून ती एसटीत बसली. कुठं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे कळलं की न बोलावता जायची. "गुण जुळवून राहिले, मंग रक्त पाहाले काहून लाजता?" दोघांत दोष निघाला की लग्न करू नका म्हणायची. मग लोक तिला सोयरीक मोडणारी डॉक्टरीण म्हणू लागले.

गेल्या आठवड्यात लाखांदूरहून माझ्या लेकीला, मेघाला पाहायला पाहुणे आले. मेघाच्या रक्तात तो दोष आहे, हे ताईनंच सांगितलेलं. स्थळ चांगलं होतं. हे मला खुणावत होते, आता सांगू नको. तेवढ्यात मेघानं पोह्यांचा ट्रे ठेवला आणि मुलाकडे सरळ पाहून म्हणाली, "माह्या रक्तात सिकलसेल आहे. मले त्रास नाही, पण तुमच्यातही असन तर लेकराले होऊ शकते. तुम्ही तपासलं का?"

मुलाची आई उठली. मला वाटलं, संपलं. ती मेघाशेजारी येऊन बसली. "माहा धाकटा यातच गेला, पोरी. आमाले तवा कोणी विचारलंच नाही..."

दुसऱ्याच दिवशी मुलानं तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट अजून यायचा आहे. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते. मेघा म्हणते, "मोडली तर मोडली." अगदी ताईच्या सुरात म्हणते. मला तिचं कौतुक वाटतं, आणि तिचं ते बोलणं ऐकवतही नाही.