निषेधाच्या ठरावाला एक विरोध

दूध विकत घेणाऱ्याचा सगुणाबाईला संशय यायचा, आणि फुकट ताक देऊ का म्हणून विचारणाऱ्याचा त्याहून जास्त. वरंधच्या वरच्या अंगाला, गाडीरस्ता संपून पायवाट लागते तिथल्या वाडीत तिचं घर. घरात ती, सून माधुरी, दोन म्हशी, अकरा शेळ्या. मुलगा किरण महाडच्या हॉटेलात भाकऱ्या थापता थापता दिल्लीला गेला आणि तिथून परदेशातल्या आपल्या वकिलातीत स्वयंपाकी म्हणून लागला.

संशय तिने आईच्या पोटातून आणला नव्हता. नवरा भैरू असताना देवळाच्या मंडपासाठी म्हणून गावकीने त्याचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला. भैरू गेला आणि त्या कागदावर पाणवठ्याकडचा जमिनीचा पट्टा गावकीचा झाला. सगुणाबाईने महाडच्या कचेरीत तक्रार दिली. त्याच आठवड्यात गावकी बसली. कुणी काही लिहिलं नाही, दवंडी पिटली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोलेना. बोलेल त्याला दंड. पाच शिमगे पालखी तिच्या दारावरून न थांबता पुढे गेली. मग तिने वाळीत टाकल्याचीही तक्रार केली, तेव्हा कचेरीतल्या साहेबाने विचारलं, "पुरावा?" माणसं बोलत नाहीत, याचा पुरावा कुठून आणायचा?

पौषात तिकडे परदेशात जमाव वकिलातीवर चालून गेला. किरण कणीक मळत होता; खिडकीतून दगड आला, काच हातात आणि कपाळात घुसली. फोनवर तो हसत होता.

"हात दाखव," सगुणाबाई म्हणाली.

त्याने उजवा दाखवला.

"आता दुसरा."

"आये, बरा हाय गो."

"दुसरा म्हनतंय मी."

दुसऱ्यावर कोपरापर्यंत पट्टी होती.

आठ दिवसांनी मुंबईला विधानसभेत या हल्ल्याच्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात किरणचं नाव होतं, वाडीचंही होतं. माधुरीने मोबाईलवर दाखवलं. सगुणाबाईने ते दोनदा पाहिलं.

"ही मान्सं किरणला वळखतात?"

"नाय आत्या."

"मंग एवढी कशाला उठली?"

चांगल्यासाठीच असेल, असं माधुरी पुटपुटली. सासू तिच्याकडे अशी बघत राहिली, जणू तीही कुणी पाठवलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत आला. गावकीचा अध्यक्ष. पाच वर्षांत तो या अंगणात आला नव्हता आणि आताही अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडेच उभा राहिला. नियम त्याचाच, तो मोडायचा कसा? म्हणून तो गोठ्याकडे तोंड करून म्हशीशी बोलला.

"म्हशी, तुझ्या मालकिणीला सांग. किरणनं गावाचं नाव काढलं. आमदार येणार हायेत, वाडीच्या रस्त्याचा नारळ फुटल. तवा आपली ग्रामसभापन निषेधाचा ठराव करनार. ह्यो कागद. घरच्यांचा अंगठा पायजे."

म्हैस रवंथ करत राहिली. कागद गडग्यावर दगडाखाली ठेवून तो लांब झाला. माधुरीने वाचला. वर हल्ल्याचा निषेध होता. खाली एक ओळ: 'सदर कुटुंबाच्या पाठीशी गाव प्रथमपासून एकदिलाने उभे आहे, हे कुटुंबास मान्य आहे.'

"परत वाच ती वळ."

माधुरीने वाचली आणि तिचाच आवाज खाली गेला. पुढच्या महिन्यात महाडला वाळीत टाकल्याच्या तक्रारीची सुनावणी होती. या ओळीखाली अंगठा उठला की तिथे सांगायला काही उरत नव्हतं.

"म्हशी," सगुणाबाई मोठ्याने म्हणाली, "त्याला सांग, तुजाच अंगठा लाव म्हनावं."

महिपत पायवाटेवरून ओरडला, तेही म्हशीलाच, "नको दिऊस! सभेत एकमतानं होतोच हाय. आईच इरोध करनार काय पोराच्या ठरावाला?"

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. सगुणाबाई आणि माधुरी खांबाशी बसल्या. त्यांच्या भोवती एक घोंगडी मावेल एवढी जागा मोकळी राहिली. ग्रामसेवक भाऊसाहेब नवे होते, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी ठराव वाचला, शेवटच्या ओळीसकट. महिपत सूचक, त्याचा चुलतभाऊ अनुमोदक. हात वर झाले. सगुणाबाईला किरणची पट्टी दिसत होती. हात वर करावा असं तिच्या खांद्याला वाटत होतं, हे तिने नंतर माधुरीला सांगितलं. तिने हात पदराखाली धरून ठेवला.

"विरोधात कोणी?" भाऊसाहेबांनी सवयीने विचारलं.

सगुणाबाई उठली.

"आजी, तुम्ही किरणच्या कोण?"

"आय."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून परत लावला. "विरोधाचं कारण सांगा. इतिवृत्तात लिहावं लागतं."

"ह्ये तुमी लिवनार?"

"लिहावंच लागतं."

तिने त्यांच्या पेनाकडे बघितलं. हाही त्यातलाच असेल. महिपतच्या घरी जेवला असेल. असेना. पेन तर शाईचं होतं.

"माज्या पोराला परक्यांनी दगड मारला, त्येचा निषेध हायेच. पन गाव पाठीशी हाय ही वळ खोटी. पाच वर्सं आमाला वाळीत टाकलंय. लिवलंत?"

"भाऊसाहेब, कोन वाळीत टाकलंय?" महिपत उठला. "इचारा कुनालाबी!"

"इचारा," सगुणाबाई म्हणाली. "कोन बोलतो बघू माज्याशी."

भाऊसाहेबांनी वर पाहिलं. साठ-सत्तर माणसं जमिनीकडे बघत होती. ते पुन्हा लिहू लागले. ती थांबत थांबत सांगत गेली, पेनाच्या चालीनं. दंड, पालखी, भैरूच्या वर्षश्राद्धाला उठलेली चार पानं, तीही तुडीलच्या पाहुण्यांची. महिपत फोन कानाला लावून बाहेर गेला. ठराव बहुमताने मंजूर झाला. माधुरीने इतिवृत्ताचं पान वाचून पाहिलं, मोबाईलमध्ये फोटो घेतला, आणि तरी सगुणाबाई म्हणाली, "आजून एकदा वाच."

सभा उठली. पायरीवर शेजारची चंपाबाई आडवी आली.

"गो सगुने, पोराचं रगात सांडलंय तिकडं, आनि तुला तुजंच भांडान मोठं? मानूस हायेस का कोन?"

मागे कुणीतरी चंपाबाईचा पदर ओढला. बोलून गेल्याचं तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

सगुणाबाईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. हिला महिपतनं पाठवली असेल काय? तिच्या डोळ्यांत तसं काही दिसलं नाही. डोळे खरोखरच रागावलेले होते. सगुणाबाई पायरीवर बसली.

"बस चंपे," ती म्हणाली. "सांगतंय."